विसराचे फळ, स्मरणाचे तेल

मार्च महिना उजाडला की आपल्या घराघरांतून एक निराळाच स्वयंपाक सुरू होतो. रात्री वाटीभर पाण्यात पाच बदाम भिजत पडतात, दुधात तूप घातले जाते, ब्राह्मीची नाहीतर शंखपुष्पीची बाटली फडताळातून खाली उतरते, आणि परीक्षेस निघालेल्या मुलाच्या तळहातावर आई चमचाभर दही ठेवते. ह्या गोष्टींना कोणी हसू नये. आपल्या लेकराला केलेला अभ्यास आठवावा, एवढ्यासाठी माणूस काय करणार नाही? मी स्वतः काय केले, ते आज सांगावयाचे आहे. त्यात माझी शोभा नाही. परंतु पंचाहत्तरी ओलांडलेल्या शिक्षकाने आपली चूक झाकून ठेवण्यात तरी काय अर्थ? वाचकांपैकी एखाद्या मातापित्यास तिचा उपयोग झाला, तर ती सांगितल्याचे सार्थक होईल.

मी मूळचा वसईचा. नोकरीच्या निमित्ताने १९७८ साली बडोद्यास आलो आणि इथलाच होऊन राहिलो. हे शहर गुजरातेत असले तरी गायकवाडांच्या राज्यामुळे इथे मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती. दांडिया बाजारात गेलो की क्षणभर पुण्यात आल्यासारखे वाटे. विद्येचा तर इथे फार जुना मान आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू केला. अशा शहरात मी शिक्षक होतो, आणि माझाच थोरला मुलगा अभ्यासात मागे होता. रात्री म्हटलेले सकाळी त्याच्या ध्यानात राहत नसे. १९८६ सालच्या जानेवारीत, दहावीच्या पूर्वपरीक्षेत, तो कोरी उत्तरपत्रिका देऊन घरी आला. वर्गात इतरांच्या मुलांना शिकविणाऱ्या माझा अभिमान दुखावला. मी त्याला धाकट्या भावंडांदेखत एक चपराक मारली. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

दुसऱ्याच दिवशी मांडवीच्या बाजूस रस्त्यावर बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडून मी स्मरणशक्तीचा पाक आणला. काळपट, चिकट, गुळासारखा दिसणारा. त्यात काय आहे, असे विचारता तो म्हणाला, "भिलामो." मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि विचारण्याची मला बुद्धी झाली नाही. घरी येऊन सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा मुलाला चारण्यास मी पत्नीस सांगितले. तिसऱ्या दिवशी पोराचे ओठ सुजले, तोंडाभोवती फोड उठले आणि अंगभर लाल चट्टे आले. खाज एवढी, की त्याला झोप येईना.

पत्नीचा आवाज ऐकून शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांनी बरणी हातात घेतली, वास घेतला, प्रकाशात धरून पाहिली आणि ताबडतोब खाली ठेवली.

"अहो मास्तर, हे काय दिलंत लेकराला? हा बिब्बा आहे!"

"तो तर भिलामो म्हणाला होता," मी पुटपुटलो.

"गुजरातीत भिलामो म्हणतात, आपल्याकडे बिब्बा. नावानं काय होतंय? उचला पोराला, रिक्षा आणते मी."

वाचकांपैकी बहुतेकांना बिबा माहीत असेल. हृदयाच्या आकाराचे काळे कठीण फळ. त्याच्या टरफलातील तेल अंगास लागले की कातडी भाजल्यासारखी होते. माझी आजी पायांच्या भेगांत ते जपून भरी, आणि परीट ते चुन्याबरोबर लावून कपड्यांवर न जाणारी काळी खूण करीत. ज्यांनी गावाकडे काजूच्या बिया भाजताना तोंड होरपळून घेतले असेल, त्यांना निराळे सांगावयास नको. काजू आणि बिबा ही एकाच कुळातील भावंडे आहेत. आयुर्वेदात बिब्ब्याला औषध म्हणून मान आहे हे खरे. चरकसंहितेच्या रसायन-अध्यायात भल्लातकाचे नाना प्रयोग दिले आहेत आणि त्याने बुद्धी वाढते असेही म्हटले आहे. परंतु वैद्य ते फळ विटेच्या चुऱ्यात घोळून व धुऊन, म्हणजे शुद्ध करून, माणसाची प्रकृती पाहून मगच देतात. रस्त्यावरच्या बरणीस ना वैद्य, ना शुद्धी. माझा मुलगा कित्येक दिवस रुग्णालयात होता. अर्धवट बऱ्या झालेल्या चेहऱ्याने तो मार्चच्या परीक्षेस बसला आणि दोन विषयांत नापास झाला. त्या अपयशाचा धनी कोण, हे मला कोणी विचारले नाही. पण मला ते ठाऊक होते.

आता ह्या मावशींविषयी सांगितले पाहिजे. फत्तेगंजमध्ये आमच्या भिंतीस भिंत लागून त्या राहत. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते वारले आणि मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली. मावशींचे माहेर अलिबागकडचे. त्या बेने इस्रायल समाजाच्या होत्या. आपल्या कोकणात शेकडो वर्षे राहिलेला, मराठी बोलणारा हा यहुदी समाज. त्यांची परंपरा अशी, की फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांनी तेलघाण्याचा धंदा धरला. शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांचे नाव शनिवार तेली ठेवले. गुजरातेतही ह्या समाजाची घरे होती आणि आहेत. अहमदाबादेस १९३४ साली बांधलेले त्यांचे मागेन अब्राहम हे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. परमुलखात मराठी बोलणारा शेजारी म्हणजे अर्धे माहेरच; त्यात आमचा जुना करार एक. मावशींचे आणि आमच्या घराचे मेतकूट जमावयास वेळ लागला नाही.

रुग्णालयात मुलाच्या उशाशी बसल्या असता मावशींनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या भावाने इस्रायलहून एकदा जैतुनाच्या लोणच्याची बरणी पाठविली होती, आणि सोबतच्या पत्रात थट्टेने लिहिले होते, की जैतुने फार खाऊ नकोस, नाहीतर मला विसरशील. तेल मात्र हवे तेवढे खा, म्हणजे माझी आठवण राहील.

"फळ एकच, मास्तर," मावशी म्हणाल्या. "नुसतं खाल्लं तर विसर पडतो, आणि त्याचंच तेल काढून खाल्लं तर आठवतं. आमच्या जुन्या शहाण्या लोकांनी लिहून ठेवलंय म्हणे. मी तेल्याची पोर. मला ते पटलं."

मला कुतूहल वाटले. मुलगा घरी आल्यावर मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. खरे सांगायचे तर घरात मुलाच्या तोंडाकडे पाहवत नव्हते, हेही एक कारण होते. तिथे आणि पुढील काही वर्षांत जे वाचावयास मिळाले, ते थोडक्यात सांगतो.

यहुदी लोकांचा तालमूद नावाचा विशाल ग्रंथ आहे. बाबेल देशातील त्यांच्या पाठशाळांत झालेल्या चर्चांचा तो संग्रह असून इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास तो आकारास आला. त्यातील होरायोत नावाच्या प्रकरणात एका गुरूस शिष्य विचारतात, की कुत्रा धन्याला ओळखतो, मग मांजर का ओळखत नाही? गुरू उत्तर देतात, की उंदराने तोंड लावलेले अन्न खाणाऱ्याला शिकलेले विसरते. मग जे मांजर उंदीरच खाते त्याची काय कथा! ह्यावरून पुढे यादीच लागते. उंदराचे किंवा मांजराचे उष्टे खाणे, जनावराचे हृदय खाणे, नेहमी जैतुने खाणे, स्नानाचे उरलेले पाणी पिणे आणि एका पायावर दुसरा पाय ठेवून पाय धुणे, ही पाच विसर पाडतात. ह्याच्या उलट गव्हाची भाकर, बिनमिठाचे भाजलेले अंडे, जैतुनाचे तेल, द्राक्षारस व सुगंधी मसाले, आणि कणीक मळून उरलेले पाणी ही शिकलेले परत आणतात. कोणी म्हणतात, बोट मिठात बुडवून चाखावे. रब्बी योहानान ह्यांचे म्हणणे तर असे, की जैतुनाचे फळ सत्तर वर्षांची विद्या विसरावयास लावते आणि त्याचे तेल सत्तर वर्षांची विद्या परत मिळवून देते. आणखीही काही गोष्टी विद्येला बाधक म्हणून सांगितल्या आहेत: अर्धीकच्ची भाकर खाणे, दफनभूमीतून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी पिणे, आणि काहींच्या मते थडग्यावरील अक्षरे वाचणे.

वाचता वाचता मला हसू आले, आणि मग हसू ओसरले. उंदराचे उष्टे खाऊ नये, हे आमची आजी काही तालमूद वाचून सांगत नव्हती. अर्धीकच्ची भाकर आणि दूषित पाणी ह्यांनी पोट बिघडते, आणि पोट बिघडलेल्या मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही. परंतु यादीतील प्रत्येक गोष्टीस असे कारण शोधत बसणे हा आपला आजचा अट्टहास होय. मला त्या यादीतून दुसरेच काही ऐकू आले. ज्यांचे मंदिर पडले, राज्य गेले, जे देशोधडीस लागले, त्या लोकांजवळ विद्येवाचून दुसरे धन उरले नव्हते. ते धन हरवेल काय, अशी धास्ती त्यांना जेवतानाही सोडत नव्हती. प्रत्येक घासाकडे ते संशयाने पाहत: तू मला माझे शिकलेले ठेवू देशील ना?

मध्ययुगात जर्मनीच्या ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांत मुलाला पाठशाळेत घालण्याचा मोठा समारंभ असे. वर्म्स गावच्या रब्बी एलाजार ह्यांनी तो वर्णन करून ठेवला आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणास मुलाला वस्त्रात गुंडाळून गुरूकडे नेत. गुरू पाटीवरील अक्षरे म्हणून दाखवी, मग त्या पाटीवर मध लावीत आणि मुलाने ती अक्षरे जिभेने चाटावयाची. मधात मळलेल्या पोळीवर आणि उकडलेल्या अंड्यावरही शास्त्रवचने लिहिलेली असत. ती वाचून मग खावयाची. विसर पाडणाऱ्या दुष्ट शक्तीला दूर राहण्याची आज्ञाही त्या वेळी म्हणत. यहेज्केल संदेष्ट्याने ग्रंथपट खाल्ला आणि तो त्याच्या तोंडात मधासारखा गोड लागला, हे आपणही पवित्र शास्त्रात वाचतो. त्या भोळ्या आईबापांनी ते शब्दशः घेतले इतकेच. विद्येची पहिली चव गोड असावी, ही त्यांची समजूत. माझ्या मुलास विद्येची चव मी कोणती दिली होती? आधी चपराक, मग बिब्बा.

आणि मग त्या बिब्ब्याचीच गाठ पडली. वाचता वाचता मला कळले, की अरबांच्या व यहुद्यांच्या वैद्यकात स्मरणशक्तीचे नामांकित औषध होते बलाधुर. आणि बलाधुर म्हणजे आपला बिब्बा! संस्कृतातील भल्लातक हा शब्दच फारसीतून जात जात बलाधुर झाला. आपल्या रानातले हे काळे फळ कोठल्या कोठे जाऊन पोचले आणि तिकडचे विद्यार्थी पाठांतर व्हावे म्हणून ते खाऊ लागले. त्याचे दुष्परिणामही त्यांना ठाऊक होते. नवव्या शतकातील अरब इतिहासकार अल-बलाधुरी ह्याचे नावच ह्या फळावरून पडले; बलाधुर घेतल्याने त्याला अखेरीस वेड लागले अशी कथा सांगतात, आणि कोणी ती त्याच्या आजोबांवर घालतात. युरोपातील औषधवाले ह्या फळाला त्याच्या आकारावरून हृदयासारखे अशा अर्थाचे ग्रीक नाव देत. पुढे पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेल्या आपल्या काजूच्या झाडास वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेच नाव चिकटविले. जनावराचे हृदय खाल्ल्याने विसर पडतो, असे ज्यांचे पूर्वज म्हणत, ते आठवणीसाठी हृदयाच्या आकाराचे फळ खाऊ लागले, हीही एक गंमत.

परंतु यहुदी विद्वानांत एक म्हण रूढ झाली, आणि ती वाचून मी पुस्तक मिटले. म्हण अशी, की उजळणी कर, उजळणी कर, म्हणजे तुला बिब्ब्याची गरज पडणार नाही.

त्या संध्याकाळी मी ती म्हण मावशींना सांगितली. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला पुस्तकात शोधावं लागलं होय, मास्तर? उद्यापासून पोराला माझ्याकडे धाडा."

ऑक्टोबरमध्ये राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा होती. एप्रिलपासून रोज संध्याकाळी माझा मुलगा मावशींच्या स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसू लागला. मावशी जेमतेम सातवी शिकलेल्या. त्या मासळी साफ करीत, नारळ खवत, भाकऱ्या थापत, आणि म्हणत, "हं बाबू, काल काय वाचलंस? मला कळेल असं सांग." तो सांगे. कोठे अडखळला तर रागावणे नाही. "पुन्हा सांग. मला म्हातारीला एकदा ऐकून कळत नाही." दुसऱ्या दिवशी तेच, चार दिवसांनी पुन्हा तेच, आठवड्याने पुन्हा तेच. गुजराती पुस्तकातला धडा तिला मराठीत समजावून सांगताना पोराला तो स्वतःलाच कसा समजू लागला, हे माझ्यासारख्या शिक्षकाच्या उशिरा लक्षात आले. तालमुदातच दुसऱ्या एका ठिकाणी असे म्हटले आहे, की धडा शंभर वेळा म्हणणारा आणि एकशे एक वेळा म्हणणारा हे सारखे नव्हेत. मिश्ना हे त्यांच्या जुन्या धर्मसंग्रहाचे नाव. त्या शब्दाचा मूळ अर्थच पुन्हा म्हणणे असा आहे. १८८५ साली एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवर प्रयोग केले आणि दाखवून दिले, की शिकलेल्याचा बराचसा भाग थोड्याच वेळात गळून जातो, आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीहून अधिक टिकते. मावशींना एबिंगहाउस ठाऊक नव्हता. घाण्याचा बैल एका फेऱ्यात तेल काढीत नाही, एवढे मात्र त्यांच्या रक्तात होते.

तेव्हा मला त्या जैतुनाचा अर्थ, निदान माझ्यापुरता, उमगला. फळ जसेच्या तसे गिळले तर विसर पडतो. तेच फळ घाण्यात घालून, फिरवून फिरवून, थेंब थेंब गाळून घेतले तर आठवण राहते. वाचलेले गिळू नये. त्याचे तेल काढावे. आणि तेल काढावयाचे म्हणजे मुलाला पिळून काढावयाचे नव्हे, हेही मला त्याच स्वयंपाकघरात कळले.

मुलगा ऑक्टोबरमध्ये उत्तीर्ण झाला. फार चांगले गुण नव्हते. चमत्कार झाला नाही, आणि झाला असे मी सांगणार नाही. मावशींनी त्या दिवशी मलिदा केला. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि वर फळे. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने बेने इस्रायल लोक नवस फेडतात तो हा मलिदा. आपण त्याला एलिया म्हणतो. त्या माझ्या मुलासाठी नवस बोलल्या होत्या आणि आम्हाला त्यांनी सांगितलेही नव्हते.

त्या दिवशी मलिदा खाताना मावशींनी जे सांगितले, ते मला त्या साऱ्या यादीहून मोलाचे वाटते. गलबत फुटले तेव्हा त्यांच्या पूर्वजांचे ग्रंथ समुद्रात गेले. पिढ्या लोटल्या आणि ते इब्री भाषा विसरले, प्रार्थना विसरले, सणांची नावेदेखील विसरले. राहिले काय? शब्बाथ, मुलांची सुंता, परमेश्वर एकच आहे हे सांगणारी शेमा ही एक प्रार्थना, आणि चूल. डेव्हिड रहाबी नावाचे यहुदी गृहस्थ कोकणात आले, तेव्हा हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे नाना जातींची मासळी ठेवली अशी परंपरागत कथा आहे. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. मोशेच्या नियमशास्त्रात नेमके हेच सांगितले आहे. ग्रंथ बुडाला होता. कोळणीच्या पाटीपुढे बसलेल्या बाईच्या हातात तो शिल्लक होता.

सणांची इब्री नावे गेली, तेव्हा ह्या लोकांनी ती कोकणी स्वयंपाकघरातून नवी घडविली. एकाला खिरीचा सण म्हटले. यरुशलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या दिवसाचा उपवास बिरडे खाऊन पाळीत, म्हणून तो बिरड्याचा रोजा. नववर्षाला नवियाचा सण म्हणत. यहुदी शास्त्रात त्या दिवसाचे एक नाव स्मरणाचा दिवस असे आहे. त्या दिवशी मावशी आमच्याकडे चिकाचा हलवा पाठवीत. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक नारळाच्या दुधात घोटून घोटून केलेला. मांसाबरोबर गाईम्हशीचे दूध चालत नाही, म्हणून नारळाचे. तालमुदाने गव्हाला स्मरणाचे अन्न म्हटले आहे, हे त्या हलव्याला ठाऊक नसेल. परंतु त्याने आपले काम केले. हैम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात ह्या सणांची सविस्तर हकीकत आहे.

अन्नाने स्मरण राहते ते असे. मेंदूत जाऊन बसणारा घास अजून कोणी शोधलेला नाही. खाण्याचा आणि बुद्धीचा संबंध आहे, तो साधा आहे. आयोडिनाच्या अभावी मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते, म्हणून मिठात आयोडीन घालतात. रक्तात लोह कमी असलेल्या मुलीचे अभ्यासात चित्त ठरत नाही. उपाशी मुलाला काही सुचत नाही. तेव्हा पालेभाजी, डाळ, अंडे, मासळी पोटभर द्यावी, बदाम परवडत असतील तर तेही द्यावेत. परंतु रस्त्यावरच्या बरण्यांतले काही मुलांच्या तोंडात घालू नये. बाकीचे काम घासाचे नाही, घास देणाऱ्या हाताचे आणि ऐकणाऱ्या कानाचे आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने आपली आठवण राहावी म्हणून शिष्यांच्या हाती ग्रंथ दिला नाही. भाकर आणि द्राक्षारस दिला, आणि तेच पुन्हा पुन्हा करावयास सांगितले. जन्मभर मिस्साला जाऊनही ह्यातील पुन्हा पुन्हा ह्या शब्दांकडे माझे लक्ष मावशींनी वळविले.

मावशींच्या शेवटच्या वर्षांत त्यांना विसराचा आजार जडला. प्रथम किल्ल्या विसरल्या, मग दिवस, मग माणसे. मला त्या कधी रेल्वेतले साहेब समजत, कधी आपला भाऊ. माझा मुलगा तेव्हा मुंबईस नोकरीला होता. तो भेटावयास आला तर त्याला त्यांनी ओळखले नाही. तो निमूट पाटावर बसला आणि म्हणाला, "मावशी, काल काय वाचलं ते सांगू?" त्या त्याच्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "सांग. मला कळेल असं सांग." नाव गेले होते, चेहरा गेला होता, हजार वेळा उच्चारलेले ते वाक्य मात्र जागेवर होते. शुक्रवारी सूर्यास्तास दिवे लावले की त्यांच्या ओठांवर शेमा येई, एकही शब्द न चुकता.

२००९ साली त्या गेल्या. अहमदाबादेस यहुदी दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली. वर्षाने दगड बसविला तेव्हा मी आणि मुलगा गेलो होतो. परतताना गाडीत मी त्याला धीर करून विचारले, "तुला ती चपराक आठवते का रे?"

तो थोडा वेळ बाहेर पाहत होता. मग म्हणाला, "आठवते. त्या दिवशी तुम्ही निळा सदरा घातला होता."

सारे काही उजळणीनेच ध्यानात राहते असे नव्हे, हे त्या दिवशी कळले. काही गोष्टी एकदाच घडतात आणि शंभर आवृत्त्यांहून खोल जातात. म्हणून मातापित्यांनी आपला हात उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मी त्याची क्षमा मागितली. तेवीस-चोवीस वर्षे उशिरा मागितली. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघेही आणंद स्टेशन येईपर्यंत काही बोललो नाही.

थडग्यावरील अक्षरे वाचणाऱ्यास विद्येचा विसर पडतो, असे ते जुने शहाणे लोक म्हणत. मी ती वाचली. वर इब्री होते ते मला आले नाही. खाली मराठीत मावशींचे नाव होते आणि त्यांच्या माहेरच्या गावाचे. मी ते एकदा वाचले, मग पुन्हा वाचले. आणि आता दर वर्षी, नवियाच्या सणाच्या सुमारास, चिकाचा हलवा घोटताना माझी सून ते नाव मुलांना मोठ्याने सांगते.